बाबांची अढी आणि माझा डबा

मी नेमकं काय काम करतो हे माझ्या बायकोला साधारण कळतं. बाबांना कळत नाही असं ते स्वतः सांगतात, आणि आईनं ते समजून घ्यायचंच नाही असं ठरवलेलं आहे. कुणी विचारलं तर "कंप्युटरवर असतो" एवढं सांगून ती मोकळी होते. पुण्यातली नोकरी न सोडता मी बायकोसह रत्नागिरीला घरी राहायला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी मी सुट्टीवर आलोय असाच आळीतल्या निम्म्या लोकांचा समज आहे. सकाळी दहा वाजता मी घरात शर्ट घालून बसलेला दिसलो की समोरचे काका अजूनही खिडकीतून विचारतात, "काय, आज कामावर नाही वाटतं?"

आमचं घर जांभ्या दगडाचं. चिऱ्याच्या भिंती दीड हात जाड, त्यामुळे उन्हाळ्यात गार राहतं आणि इंटरनेट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात नाही. म्हणून मी पडवीत बसतो. पडवीला लागून आमची आंब्याची कलमं, आणि कलमांत वानर. मीटिंग ऐन रंगात आली की नेमके वानर येतात आणि बाबा पत्रा बडवत, "हाड, हुर्र" करत धावतात. एकदा परदेशातल्या आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, आज तुमच्याकडे काही सण आहे का? खरं काय ते इंग्रजीत सांगणं अवघड होतं, म्हणून मी हो म्हणालो. तेव्हापासून ते मला जवळजवळ दर आठवड्याला सणाच्या शुभेच्छा देतात.

दिवसभर कंप्युटरवर बसून कंटाळलेला माणूस संध्याकाळी काय करतो? आणखी एखादं यंत्र करतो. हा माझा छंद, आणि तो घरच्यांनी सोसला आहे. आधी दुर्बीण आणली. रत्नागिरीत चार महिने आकाश दिसत नाही आणि उरलेले आठ महिने आमच्या गच्चीवरून फक्त एका कलमाची फांदी दिसते. ती तोडू का, असं विचारल्यावर बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर दुर्बीण माळ्यावर गेली. मग गच्चीवर हवामान मोजायचं यंत्र बसवलं. त्याच्या भरवशावर समोरच्या काकांनी पन्नास-साठ कोकमांची सोलं अंगणात वाळत घातली आणि तासाभरात सर आली. तेव्हापासून माझ्या यंत्राला आळीत 'वेधशाळा' म्हणतात. काका रोज सकाळी वेधशाळा काय म्हणते ते विचारतात आणि त्याच्या बरोबर उलट वागतात. त्यांचं आजवर एकदाही नुकसान झालेलं नाही.

तर डब्याकडे वळण्याआधी बाबांच्या अढीबद्दल सांगायला हवं.

हापूस झाडावरून काढतात तेव्हा तो हिरवा आणि कडक असतो. तो भाताच्या पेंढ्यात थर लावून घालतात, पेंढ्यानं झाकतात आणि वाट बघतात. ही अढी. आठ-दहा दिवसांत आंबे पिकायला लागतात, पण सगळे एकदम पिकत नाहीत. रोज पेंढा बाजूला करून कुठला आज खायचा, कुठला उद्या, कुठला मुंबईच्या पाहुण्याबरोबर धाडायचा हे ठरवावं लागतं. रंग फसवतो. वरून पिवळाधमक दिसणारा आत आंबट निघतो आणि हिरवट दिसणारा साखर. खरं काय ते देठाजवळच्या वासावर कळतं, आणि तो वास ज्याला कळतो त्याला आमच्याकडे मान असतो.

आमच्या आळीत तो मान बाबांचा. सरकारी कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले. तिथे त्यांचा शब्द शिपाईही झेलत नसे, पण एप्रिल उजाडला की बाबांचा भाव वधारतो. घरोघरून बोलावणी येतात, "जरा येऊन अढी बघून जा हो." बाबा स्वच्छ सदरा घालतात, आईला "चल गो" म्हणतात आणि दोघं निघतात. आई का? "तिचं जरा फिरणं होतं," असं बाबा सांगत. जातील त्या घरी आई पेंढ्यापाशी खाली बसणार, एकेक आंबा काढून बाबांच्या हातात देणार. बाबा तो नाकाशी धरणार, डोळे मिटणार, छाती भरून श्वास घेणार, आणि सगळे गप्प झाले की निकाल देणार. "उद्या." "परवा, सकाळी नको, दुपारी." आळीतल्या बायका हसून म्हणत, या वयात नवरा-बायको एकमेकांना सोडून दोन घरंसुद्धा जात नाहीत. बाबा त्यावर लाजत वगैरे.

हे बघून माझ्यातला तंत्रज्ञ जागा झाला नसता तरच नवल. पिकताना आंबा काही वायू सोडतो. वायू ओळखणाऱ्या चिपा मिळतात. मी आईचा एक जुना प्लॅस्टिकचा जेवणाचा डबा घेतला, त्याला खालून पंखा, आत तीन चिपा, वर एक छोटा पडदा आणि एक बटण बसवलं. आंबा डब्याच्या तोंडाशी धरायचा, बटण दाबून धरायचं आणि दहापर्यंत मोजायचं. पण चिपांना नुसते आकडे कळतात, पिकलेला कुठला ते कळत नाही. ते कुणीतरी शिकवावं लागतं. मी बाबांनाच मास्तर केलं. गेल्या वर्षी पूर्ण मोसमभर बाबांनी आंबा हुंगून निकाल द्यायचा, मी तोच आंबा डब्याला दाखवायचा आणि बाबांचा निकाल त्यापुढे लिहून ठेवायचा, असं चाललं होतं.

"म्हणजे हा माझं नाक शिकणार?" बाबांनी विचारलं होतं.

"हो."

"शिकू दे," बाबा म्हणाले आणि आईकडे बघितलं. आई पेंढा सारखा करत होती.

"माझा डबा मात्र गेला," ती म्हणाली.

यंदा मोसम सुरू झाला तेव्हा डबा बोलू लागला होता. पडद्यावर 'आज', 'उद्या', 'परवा' असं उमटायचं, आणि ते बहुतेक वेळा खरं निघायचं. मला इतका आनंद झाला की मी तो स्वतःपाशी ठेवू शकलो नाही. देवळाच्या कट्ट्यावर काकांसमोर बोलून बसलो की माझा डबा आता बाबांच्या बरोबरीचा झालाय. काकांना एवढंच हवं होतं. वेधशाळेचं उट्टं काढायची अशी संधी पुन्हा कुठली? त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की येत्या रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात बाबा विरुद्ध डबा असा सामना होईल. प्रत्येक घरानं आपल्या अढीतला एक आंबा आणायचा. आज कापण्याजोगा आहे की नाही, एवढंच दोघांनी सांगायचं आणि लगेच सर्वांसमोर चिरून बघायचं.

मी वर शहाणपणानं एक नियम घातला. प्रयोग चोख व्हायला हवा, म्हणून बाबांनी टोपलीतून आंबा स्वतः उचलायचा, जवळ कुणी उभं राहायचं नाही आणि कुणी काही सुचवायचं नाही. हा नियम मी आळीच्या व्हॉट्सॲप गटावर ठळक अक्षरांत टाकला. बावीस जणांनी अंगठे दिले.

आई तेव्हा घरी नव्हती. राजापूरच्या मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ती दहा दिवस तिकडे होती. सामन्याची बातमी मी घरी सांगितली तेव्हा बाबा जेवत होते. ते म्हणाले, "कशाला असले खेळ?" मी म्हटलं, घाबरलात काय? बायकोनं मला टेबलाखालून पाय मारला. बाबांनी भात कालवला आणि म्हणाले, "घाबरायचं काय त्यात."

त्या दहा दिवसांत बाबांच्या वागण्यात थोडा फरक पडला होता, तो मला दिसला, पण त्याचा अर्थ लागला नाही. ते कुणाच्या घरी जाईनात. "गुडघे धरलेत. पिशवीतून आंबे आणून ठेवा, संध्याकाळी सांगतो," असं म्हणत. लोक दुपारी पिशव्या ठेवून जात आणि संध्याकाळी निकाल घेऊन जात. मी दुपारभर मीटिंगमध्ये. शिवाय डब्यात रोज दुपारी दोन-तीनच्या सुमाराला बऱ्याच नोंदी दिसायच्या, ज्या मी केलेल्या नव्हत्या. बायको चाळा करत असेल असं मी धरून चाललो. इतकी वर्षं मी लोकांच्या यंत्रांतल्या चुका शोधायचं काम करतोय, हे इथे सांगताना जरा संकोच वाटतो.

आई शुक्रवारी परत आली. शनिवारी सकाळी मी सामन्यापूर्वी डब्यावर शेवटचा हात फिरवत होतो. गेल्या वर्षीच्या नोंदी कंप्युटरवर उघडल्या होत्या. डबा आणि बाबा यांचं जिथे जिथे जुळलं नव्हतं त्या नोंदी मी लाल केल्या. बायको चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे तिला माझ्या छंदांत रस नसला तरी चुकांत असतो.

"हे लाल सगळं एकाच आठवड्यात कसं?" तिनं विचारलं.

खरंच की. मोसमभर तुरळक लाल ठिपके, आणि मे महिन्याच्या सुरुवातीचे आठ दिवस नुसते लालभडक. त्या आठवड्यात चिपा बिघडल्या असणार, असं मी म्हणालो. उकाडा फार होता.

"उकाडा काय आठच दिवस होता?" ती म्हणाली. "घरात काय वेगळं होतं ते बघ ना."

मी मोबाईलमध्ये त्या तारखांचे फोटो उघडले. राजापूरच्या मावसबहिणीचं लग्न. फोटोत आई, पैठणी नेसलेली, नुसती हसतेय. आई लग्नघरच्या मदतीला आठ दिवस आधीच गेली होती. इथे अढी बाबा एकटेच बघत होते.

बायकोनं चहाचा कप खाली ठेवला.

मी उठून आतल्या खोलीच्या दारात गेलो. अढी उलगडलेली होती. आई पेंढ्यापाशी बसली होती, बाबा शेजारी पाटावर. मी गेल्या वर्षी शेकडो वेळा तिथे उभा होतो, पण माझं लक्ष नेहमी बाबांच्या नाकाकडे. या खेपेला मी आईचे हात बघितले. ती आंबा पेंढ्यातून काढता काढता पदराशी न्यायची, पुसल्यासारखं करायची. पुसताना तो तिच्या चेहऱ्याजवळून जायचा. मग बाबांच्या हातात द्यायची. कधी देठ वर, कधी आडवा, कधी देठ खाली. देठ वर असला की बाबा डोळे मिटून म्हणायचे, "आज." आडवा असला की "उद्या-परवा." देठ खाली असला की चार दिवस.

मला माझी लाज वाटली. बाबांचं सोंग उघडं पडलं म्हणून नव्हे. ते इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी डब्यात बघत होतो, म्हणून. वर मीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं की जवळ कुणी उभं राहायचं नाही.

दुपारी आई मागील दारी फणसाच्या आठळ्या सोलत होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"आई, बाबांना वास येत नाही ना?"

तिनं मान वर केली नाही. "कळलं तर तुला."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. तो ताप आलेला, त्याच्यात गेला. बाकी सगळं बरं झालं, नाक काही परत आलं नाही. येईल म्हणाले डॉक्टर, कधीतरी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू आणखी एक यंत्र केलं असतंस." तिनं एक आठळी टोपलीत टाकली. "त्यांनीच बजावलं होतं, कुणाला सांगू नको म्हणून. कचेरीतून हार घालून पाठवलं त्यांना, त्यानंतर कुणी काय विचारलंय? वर्षाचे दोन महिने लोक दारात येतात, तुम्ही सांगाल तसं करतो म्हणतात. एवढ्यासाठी माणूस उरलेले दहा महिने काढतो रे. तेही गेलं तर मग काय, बसायचे दिवसभर वानरांना हाड हाड करत."

"मग उद्या काय करायचं?"

"मला काय विचारतोस? नियम तू केलायस."

मी तडक काकांकडे गेलो आणि डबा बिघडलाय, सामना पुढे ढकलू या, असं सांगितलं. काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी कधी विसरणार नाही. "बिघडलाय? मग तर आणायलाच हवा! अहो, खुर्च्या सांगून झाल्या. कोकम सरबताची पातेली घासून झाली." काकू आतून म्हणाल्या की त्यांनी सुरीला धारही लावून आणली आहे.

तेव्हा एकच मार्ग उरला. बाबा हरू नयेत एवढं माझ्या हातात नव्हतं, पण डबा त्यांच्याहून वाईट हरेल, एवढं होतं. दोघंही चुकले तर यंदाच्या हवेवर ढकलता आलं असतं. हवेवर ढकलायला आमची आळी नेहमीच तयार असते. मी डब्याच्या प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. पिकलेला आंबा दिसला की नाही म्हणायचं, कच्चा दिसला की हो म्हणायचं. दोन मिनिटांचं काम. माझ्या हातून इतकी वाईट ओळ याआधी कधी लिहिली गेली नव्हती.

रविवारी सभामंडप भरला होता. मधोमध टेबल, टेबलावर आंब्यांची टोपली, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी आणि डबा. बायका उजवीकडे सतरंजीवर, त्यांत आई आणि माझी बायको. बाबांनी नेहमीचा स्वच्छ सदरा घातला होता, पण वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं. आई घरून निघताना त्यांच्याबरोबर नव्हती, नियमामुळे.

पहिला आंबा बाबांनी उचलला. बोटांनी देठाभोवती अलगद दाबला, उजेडाकडे फिरवला, मग नाकाशी धरून डोळे मिटले. फार वेळ. "आज," ते म्हणाले. डबा म्हणाला, आज नाही. काकूंनी चिरला. आत केशरी. टाळ्या पडल्या. दुसरा आंबा बाबांनी "नाही" म्हणून ठेवला. डबा म्हणाला, आज. चिरला तर पांढुरका. लोक हसायला लागले. तिसऱ्याला बाबा चुकले, पण डबाही चुकला, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. चौथा बाबांनी बरोबर सांगितला. चाळीस वर्षांच्या हाताला काहीतरी कळत असणारच, पण बाबा दर वेळी सुटकेचा श्वास सोडत होते, तो मला दोन हातांवरून ऐकू येत होता.

"अहो, हा तर वेधशाळेचा सख्खा भाऊ!" काका ओरडले. सभामंडप खो खो हसला. कुणीतरी म्हणालं, दोन वर्षं घालवून पोरानं खोटं बोलणारा डबा केला. मीही हसलो. मनापासून हसलो, कारण सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

बाबा हसत नव्हते. ते डब्याकडे बघत होते. मग माझ्याकडे. मग त्यांनी पाचवा आंबा उचलला, पण नाकाशी नेला नाही. टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले, आंबा डब्याच्या तोंडाशी धरला, बटण दाबून ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजलं. हे कसं करायचं ते मी बाबांना कधीच शिकवलं नव्हतं.

पडद्यावर 'आज' उमटलं.

"हे खोटं आहे," बाबा म्हणाले. "हा आंबा आजचा नाही. काल-परवापर्यंत हा डबा खरं सांगत होता."

"तुम्हाला काय ठाऊक?" काकांनी विचारलं.

"मला नाही तर कुणाला? दहा दिवस मी याच्यावरच चाललोय." बाबांनी आंबा टेबलावर ठेवला. "मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. ही राजापूरला होती तेव्हा तुम्ही पिशव्या आणून देत होतात, त्यांचं सगळं डब्यानं सांगितलं. त्याआधी तीन मोसम तुमच्या घरी येऊन जे सांगितलं ते हिनं सांगितलं. मी नुसता बोलत होतो. यानं आज डब्यात काहीतरी करून ठेवलंय, माझ्यासाठी. तर त्याच्या डब्याला हसू नका. चांगला आहे डबा."

माझी दुर्बीण, माझी वेधशाळा, माझी नोकरी, यांतल्या कशालाही बाबांनी आजवर चांगलं म्हटलेलं नव्हतं. आणि चांगलं म्हणायला त्यांनी हीच वेळ निवडली होती, स्वतःचं सगळं सांडून.

तेवढ्यात सतरंजीवरून आई उठली. ती आमच्या दोघांवर एवढी संतापलेली मी क्वचितच पाहिली आहे.

"तीन वर्षं मी तोंड मिटून बसल्ये," ती म्हणाली, "आणि तुम्ही बापलेकांनी अर्ध्या तासात वाट लावलीत! एकानं नियम केले, एकानं भाषण. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही." टेबलावरचा पाचवा आंबा तिनं उचलला. या वेळी पदराशी न नेता सरळ नाकाशी धरला, सगळ्यांसमोर. "उद्या," ती म्हणाली. "आणि हा चिरू नका, उगाच फुकट जाईल."

काकूंनी सुरी खाली ठेवली. काकांनी बराच वेळ टोपीखाली डोकं खाजवलं. "मग आता आम्ही अढी बघायला बोलवायचं कुणाला?"

"दोघांना," आई म्हणाली. "झाडावरचा कुठला काढायचा ते मला अजून कळत नाही. ते यांनाच विचारा. आधी सरबत द्या बघू सगळ्यांना."

मग सरबत झालं. राहिलेल्या आंब्यांचे निकाल आईनं लावले आणि बाबा टोपलीतून एकेक आंबा काढून तिच्या हातात देत होते. कुठलेही कसेही, देठ कुठेही. दोनच बायका डोळे पुसत होत्या, बाकीच्या आईला आपापल्या अढीतली गाऱ्हाणी सांगत होत्या. काका जाताना माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "त्या डब्यात जे काही करून ठेवलंय ते काढून टाका हो. पिशवी घेऊन येतो मंगळवारी." मी घरी आल्याबरोबर ती ओळ काढली.

संध्याकाळी आईनं आंबे चिरले. आम्ही चौघं टेबलाशी बसलो. बाबा नेहमीसारखे फोड तोंडात टाकून "वा" म्हणाले, आणि माझ्या एकदम लक्षात आलं की आजच्या सगळ्या गडबडीत, आणि त्याआधीच्या तीन वर्षांत, एक गोष्ट कुणी त्यांना विचारलीच नव्हती. नाक गेलं की नुसता वास जात नाही.

"बाबा," मी म्हटलं, "तीन वर्षं तुम्ही हे 'वा' म्हणताय, ते काय?"

आईचा हात सुरीवर थांबला. बाबांनी चोखलेला बाठा ताटलीत ठेवला आणि बोटं पुसली.

"गोड आहे एवढं कळतं मला," ते म्हणाले. "हापूस आहे, हे ती सांगते."